वर्गवारी कोणाच्या हाती?

संकेतस्थळांवरील मजकुराची वर्गवारी आता कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. पेण-रोहा मार्गावरील निडीच्या प्रवाशाला पेण म्हणजे गणेशमूर्तींचे गाव, हे सांगावे लागत नाही. रोमन लिपीतील नाव वाचून यंत्राने ते लेखणीच्या सदरात टाकले, तर हसण्यावारी नेता येईल. परंतु प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर पोसलेल्या या यंत्राने रामकथेवर ‘मिथक’ अशी चिठ्ठी डकवली, तर इतिहासाच्या दालनात ती मुलांना दिसणारच नाही. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश असो वा तर्कतीर्थांचा वाईचा विश्वकोश, त्यांतील शीर्षके मराठी विद्वानांनी ठरविली होती. २०२२ मध्ये केंद्राने ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांसाठीचा उपक्रम सुरू केला, हे स्वागतार्हच. मात्र मराठी मजकुरावरील चिठ्ठ्या तपासण्याचे काम गावोगावच्या शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनीच अंगावर घेतले पाहिजे.