दीड कळतं, मग तीन छेद दोन का नाही?

१२/१३ आणि ७/८ यांची बेरीज साधारण किती येईल? कागद-पेन्सिल घेऊ नका, नुसता अंदाज करा. पर्याय चार : १, २, १९ आणि २१.

अमेरिकेत १९७८ साली झालेल्या राष्ट्रीय चाचणीत हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलांना विचारला होता. दोन्ही अपूर्णांक एकापेक्षा जरासेच लहान, म्हणून बेरीज दोनच्या आसपास. पण २ हे उत्तर फक्त २४ टक्के मुलांनी दिलं. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडलं. वरच्या आकड्यांची बेरीज १९ आणि खालच्यांची २१, इतका साधा हिशेब त्यांनी केला होता. २०१४ मध्ये संशोधकांनी आठवीच्या मुलांना हाच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा बरोबर उत्तर देणारे होते २७ टक्के.

दूरदेशीची गोष्ट म्हणून हे सोडून देता येणार नाही. आपल्याकडे पाचवीला गणित शिकवलेल्या कुणालाही १/२ + १/३ = २/५ हे उत्तर ओळखीचं वाटेल. या उत्तरातली खरी चिंतेची बाब वेगळीच आहे. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, तरी मुलाला त्यात काही खटकत नाही. कारण त्याच्या लेखी २/५ ही संख्याच नाही, एका रेघेच्या वर-खाली लिहिलेले दोन आकडे आहेत.

याला मठ्ठपणा म्हणू नये. चार-पाच वर्षं मूल पूर्ण संख्यांत वावरलेलं असतं. तिथे चार हे तीनपेक्षा मोठे, मग १/४ हा १/३ पेक्षा मोठा, हा त्याचा तर्क असतो. तो चुकीचा आहे, पण तर्कच आहे. तो समजून घेण्याऐवजी आपण घाईघाईने नियम देतो : छेद समान करा, लसावि काढा, भागाकार असेल तर उलटा करून गुणा. मूल नियम पाठ करतं, चाचणीत गुणही मिळवतं आणि सुट्टीनंतर सगळं विसरतं.

याची किंमत पुढे मोजावी लागते. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा ते बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती समजले आहेत, यावरून त्या मुलाचं पाच-सहा वर्षांनंतरचं बीजगणित कसं असेल याचा अंदाज करता येतो, असं त्यात दिसलं. बुद्ध्यांक आणि घरची आर्थिक स्थिती विचारात घेऊनही हा संबंध टिकला.

शाळेबाहेरही याची गरज पडते. जुलाब झालेल्या बाळासाठी घरी जलसंजीवनी करायची, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालतात. अर्धाच लिटर पाणी घेतलं तर मीठ किती? पाव चमचा. इथे चूक होऊन मीठ जास्त पडलं, तर ते बाळाला घातक ठरू शकतं.

मग शिकवावं कसं? नियम सांगण्याआधी वाटणी करायला द्यावी. तीन भाकऱ्या, चार मुलं. प्रत्येकाला सारखी किती? फळ्यावर काही लिहू नये, गप्प बसावं. कागदाच्या भाकऱ्या कापताना कुणी दोन भाकऱ्यांचे अर्धे-अर्धे करील आणि उरलेलीचे चार तुकडे. म्हणजे प्रत्येकाला अर्धी आणि पाव. दुसरा गट तिन्ही भाकऱ्यांचे चार-चार तुकडे करील. मग वर्गात वाद होऊ द्यावा : दोघांचं उत्तर एकच आहे का? त्या वादातून ‘पाऊण’ आणि ३/४ एकत्र येतात आणि १/२ + १/४ ही बेरीजही मुलांनी नियमाशिवाय केलेली असते.

मात्र भाकरीपाशी थांबू नये. ‘चार भागांतले पाच भाग कसे घ्यायचे?’ असं मूल विचारतं, तेव्हा जमिनीवर खडूने रेघ ओढावी, ०, १, २ मांडावेत आणि ५/४ कुठे येईल ते त्यालाच शोधू द्यावं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अभ्यासकांनीही वाटणी आणि मापन या दोन अंगांनी अपूर्णांक शिकवण्यावर काम केलं आहे.

मराठी मुलाकडे तर यासाठी आयती शिदोरी आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच : प्रत्येक संख्येला स्वतःचं नाव. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा एकेकाळी पाठ असे. ती घोकंपट्टी परत आणा, असं म्हणणं नाही. पण बाजारातून दीड किलो कांदे आणणारं मूल वर्गात ३/२ पाहून बावरतं, तेव्हा दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

‘अभ्यासक्रम कधी संपवायचा?’ ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण पाचवीत वाचवलेले चार तास आठवी-नववीत चाळीस तास होऊन वसूल होतात. वाटणीला आणि वादाला वेळापत्रकात जागा देणं हे मुख्याध्यापकांचं आणि अधिकाऱ्यांचं काम आहे. पालकांनी आज एवढंच करावं : ‘उत्तर किती आलं?’ असं विचारण्याआधी ‘उत्तर साधारण किती येईल?’ असं विचारावं.