विश्लेषण : सैनिकांचा धर्मगुरू नेमका कोणासाठी?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे मुख्यालय असलेल्या पेंटागॉनमध्ये मे २०२५ पासून संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांच्या पुढाकाराने ख्रिस्ती प्रार्थनासभा भरू लागल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी सैन्यातील धर्मगुरूंच्या, म्हणजे ‘चॅप्लेन’च्या, कामात बदल करण्याचे जाहीर केले. धर्मगुरूंचे निव्वळ समुपदेशक झाले आहेत, श्रद्धा मागे पडली आहे, ही त्यांची तक्रार. समर्थकांना हे पाऊल योग्य वाटते, तर टीकाकारांना यात एका धर्माची वर्दीवर चढाई दिसते. पण या वादात सैनिक आणि त्याचे घर यांना धर्मगुरूकडून काय मिळते, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

चॅप्लेन म्हणजे कोण?

अमेरिकी सैन्यातील ही व्यवस्था देशाच्या स्वातंत्र्याहून जुनी आहे. कॉन्टिनेन्टल काँग्रेसने २९ जुलै १७७५ रोजी धर्मगुरूंच्या पदाला मान्यता दिली. चॅप्लेन हा अधिकारी असतो, गणवेश घालतो, तुकडीबरोबर युद्धभूमीवर जातो. पण शस्त्र बाळगत नाही. त्याच्या सुरक्षेसाठी सशस्त्र सहायक असतो. जिनिव्हा करारानेही धर्मगुरूंना संरक्षण दिले आहे. त्याला दोन धनी असतात. पगार सरकार देते, पण त्याच्या पंथाच्या संस्थेची मान्यता असल्याशिवाय त्याला पदावर राहता येत नाही. आज ख्रिस्ती धर्मगुरूंची संख्या मोठी असली तरी ज्यू, मुस्लीम, बौद्ध आणि हिंदू धर्मगुरूही या सेवेत आहेत.

सैनिक त्याच्याकडेच का जातो?

याचे मोठे कारण आहे गुप्तता. सैनिक मानसोपचारतज्ज्ञाशी बोलला तर ते बोलणे सहसा गोपनीय राहते, पण त्याला अपवाद आहेत. जिवाला धोका असेल किंवा मोहिमेवर परिणाम होणार असेल, तर माहिती वरिष्ठांपर्यंत जाऊ शकते. धर्मगुरूला विवेकाचा प्रश्न म्हणून सांगितलेली गोष्ट मात्र तो सैनिकाच्या संमतीशिवाय वरिष्ठांना सांगू शकत नाही, लष्करी न्यायालयातही नाही. ‘आपली बढती अडेल, हत्यार काढून घेतील’ या भीतीने गप्प बसणाऱ्या जवानाला बोलण्यासाठी हे एक दार उघडे असते. त्यासाठी तो श्रद्धाळूच असावा लागतो असे नाही.

काही दुखणी औषधाच्या पलीकडची असतात. हातून घडलेले किंवा डोळ्यांदेखत होऊ दिलेले कृत्य आपल्याच सदसद्विवेकाला मान्य नसणे, याला तज्ज्ञ ‘नैतिक जखम’ म्हणतात. क्षमा आणि प्रायश्चित्त यांची भाषा धर्मगुरूला येते. तो डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही. मात्र डॉक्टरकडे जाण्यासाठी जवानाचे मन तयार करू शकतो.

कुटुंबांचे काय?

सैन्यात एकाची नोकरी असते, पण ती साऱ्या घराला करावी लागते. दर दोन-तीन वर्षांनी बदली, मुलांची नवी शाळा, जोडीदाराची सुटलेली नोकरी आणि महिनोन्‌महिने दूर असलेला माणूस. परत आल्यावरही तो पूर्वीसारखा असेलच असे नाही. अमेरिकी लष्करात धर्मगुरूंच्या पुढाकाराने जोडप्यांसाठी शिबिरे होतात. त्यात पूजाअर्चेपेक्षा संवाद, पैसा, राग आणि दुरावा यांवर बोलणे अधिक असते. जवानाच्या मृत्यूची बातमी घेऊन गणवेशातला अधिकारी दारात उभा राहतो, तेव्हाही त्याच्याबरोबर शक्यतो धर्मगुरू असतो.

छावणीच्या कुंपणाबाहेर चर्चसंस्थांचे जाळे आहे. ‘नॅव्हिगेटर्स’ ही संस्था १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात नौसैनिकांमधील कामातून उभी राहिली. पहिल्या महायुद्धात साल्व्हेशन आर्मीच्या स्त्रिया फ्रान्समध्ये आघाडीजवळ डोनट तळून जवानांना देत. आजही अनेक तळांजवळ घरचे जेवण, मुलांची सोय आणि सणाला सोबत मिळणारी ठिकाणे चर्च चालवतात. नव्या गावात ओळखीचे कोणी नसलेल्या तरुण आईला याचे मोल मोठे वाटते.

मग आक्षेप कशाला?

या दोन व्यवस्थांमध्ये एक फरक आहे. देणग्यांवर चालणारी खासगी संस्था उघडपणे धर्मप्रचार करू शकते. जायचे की नाही, हे सैनिक ठरवतो. धर्मगुरू मात्र सरकारी पगारावर असतो आणि त्याच्या खांद्यावर हुद्दा असतो. वरिष्ठाने ‘प्रार्थनेला या’ म्हटले की कनिष्ठाच्या कानाला ती विनंती वाटत नाही. कोलोरॅडोतील हवाई दल अकादमीत २००५ मध्ये नेमक्या याच दबावाच्या तक्रारी झाल्या. चौकशी समितीला उघड भेदभाव आढळला नाही, पण धार्मिक बाबतीत असंवेदनशीलता असल्याचे तिने नोंदवले. त्यानंतर हवाई दलाला मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली.

न्यायालयांनी काय म्हटले?

सरकारी खर्चाने धर्मगुरू ठेवणे घटनाबाह्य आहे, असा दावा हार्वर्डमधील कायद्याच्या दोन विद्यार्थ्यांनी केला होता. १९८५ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने ही व्यवस्था प्रामुख्याने कायम ठेवली. सरकारच सैनिकाला घरापासून आणि त्याच्या प्रार्थनास्थळापासून दूर पाठवते. तिथे धर्मगुरू दिला नाही तर त्याचे धर्मस्वातंत्र्यच हिरावले जाईल, हा या निकालाचा गाभा. म्हणजे धर्मगुरूचे पद उभे आहे ते सैनिकाच्या हक्कावर. चर्चला सैन्यात प्रवेश मिळावा म्हणून ते निर्माण झालेले नाही.

भारतात काय स्थिती?

भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षू हे ‘धर्मशिक्षक’ म्हणून कनिष्ठ आयुक्त अधिकारी दर्जावर भरती होतात. अनेक तुकड्यांत एकाच छताखाली ‘सर्वधर्म स्थळ’ असते. ब्रिटिश काळातील लष्करी चर्च पुण्याच्या छावणीत आणि मुंबईत कुलाब्याला आजही उभी आहेत. प्रश्न मात्र इथेही उठतात. रेजिमेंटच्या मंदिर-गुरुद्वाराच्या गाभाऱ्यात जाण्यास नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये योग्य ठरवली. न्यायालयांनी शिस्त आणि तुकडीची एकजूट यांना प्राधान्य दिले. अधिकाऱ्याच्या स्वतःच्या श्रद्धेचे काय, असा सवाल टीकाकारांनी केला. श्रद्धा आणि हुकूम यांची सीमा आखणे कोणत्याच देशाला सोपे गेलेले नाही.

कसोटी कोणती?

ग्रीनलंडजवळच्या समुद्रात ३ फेब्रुवारी १९४३ रोजी ‘डॉर्चेस्टर’ ही सैनिकांची वाहतूक करणारी बोट जर्मन पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. तिच्यावरील चार धर्मगुरूंनी, म्हणजे दोन प्रोटेस्टंट, एक कॅथलिक आणि एका ज्यू रब्बायने, आपली जीवरक्षक जाकिटे काढून इतरांना दिली आणि ते बोटीबरोबर बुडाले. घेणाऱ्याचा धर्म कोणता, हे त्यांनी पाहिले नाही.

धर्मगुरूंना त्यांच्या श्रद्धेपासून तोडावे, असे म्हणण्यात अर्थ नाही. श्रद्धा नसलेल्या पाद्रीकडे क्षमेचा शब्द शोधायला कोणी जाणार नाही. पण मंत्रालयातून एका धर्माला पसंती दिसू लागली, तर वेगळ्या धर्माचा, वेगळ्या पंथाचा किंवा नास्तिक जवान धर्मगुरूच्या दारात पाऊल टाकण्याआधी विचार करेल. दार गमावण्याची किंमत तो आणि त्याचे घर मोजतील. म्हणून प्रार्थनेला किती जण आले, या आकड्यावरून ही सेवा जोखू नये. प्रार्थनेला कधीच न येणारा जवान आपल्या सर्वांत वाईट रात्री धर्मगुरूकडे निर्धास्तपणे जाऊ शकतो का, हे सरकारने पाहायला हवे.