रिफंडचा मोह नको, हिशेब चोख हवा



शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत राबणारे एक बांधव मागे आमच्याकडे आले. हातात आयकर खात्याची नोटीस, सोबत घाबरलेल्या वहिनी. २०२२-२३ साली त्यांच्या पगारातून २३,४०० रुपये आयकर कापला गेला होता. एक एजंट म्हणाला, "सगळे पैसे परत आणून देतो, चौथा हिस्सा माझा." यांनी फॉर्म १६ आणि पासवर्ड त्याच्या हवाली केला. त्याने रिटर्नमध्ये एका राजकीय पक्षाला ६० हजारांची देणगी दाखवली. त्या पक्षाचे नावही आमच्या बांधवाने ऐकले नव्हते! रिफंड आला, घरावरचे पत्रे बदलले. आता खाते पावती मागते आहे आणि एजंटाचा फोन बंद आहे.

आम्ही त्यांना एवढेच सांगितले, "खोटी पावती शोधत फिरू नका. जाणत्या सी.ए.कडे जा आणि खरे ते सांगा."

असे फसलेले ते एकटे नाहीत. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा एजंटांविरुद्ध दीडशे ठिकाणी कारवाई केली. त्यात महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. रिटर्न कोणीही भरून देवो, जबाबदारी आपलीच. खोटी माहिती दिली तर मूळ कर, व्याज आणि वर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड बसू शकतो.

आता नेहमीच्या चुका पाहू.

पगारातून दरमहा २०० रुपये कापले जातात, तो राज्याचा व्यवसाय कर. तो कापला म्हणजे आयकर भरला असे नव्हे.

२०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. पण उत्पन्न चार लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावेच लागते. पगारदारांची नेहमीची मुदत ३१ जुलै. ती चुकली तर एक हजार ते पाच हजार रुपये विलंब शुल्क पडते.

वर्षात कारखाना बदलला असेल तर दोन्हीकडचे फॉर्म १६ घ्या. एकच दाखवला तर उरलेला पगार लपवला असे दिसते.

बचत खात्याचे आणि ठेवीचे व्याज विसरू नका. बँक ते खात्याला कळवते. आयकराच्या संकेतस्थळावर आपले वार्षिक माहितीपत्रक पाहून मगच आकडे भरा.

विहाराला दिलेले दान पुण्याचे खरे. पण त्या संस्थेकडे आयकर सवलतीचे प्रमाणपत्र नसेल तर त्यावर सूट नाही. दोन हजारांवरच्या रोख दानावरही नाही. शिवाय ही सूट फक्त जुन्या पद्धतीत मिळते.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने पडताळणी करा. ती राहिली तर रिटर्न न भरल्यासारखेच. नोंदणीत मोबाईल नंबर आपला ठेवा, एजंटाचा नको. नोटिसा त्याच्याकडे जातात आणि आपल्याला पत्ताच लागत नाही.

बाबासाहेब मूळचे अर्थशास्त्रज्ञ. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानाचे कलम २६५ सांगते की, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही. म्हणून कायद्याने दिलेली प्रत्येक सवलत हक्काने घ्यावी. मात्र न दिलेली देणगी दाखवणे म्हणजे खोटे बोलणे, आणि पंचशीलातील चौथे शील आपण दर पौर्णिमेला ग्रहण करतो.

घरात कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर हे काम त्याच्या हाती द्या. शेजारी बसा, प्रत्येक आकडा विचारा. फॉर्म १६, बँकेचे कागद आणि रिटर्नची प्रत एका फाईलीत ठेवा. घामाच्या पगाराचा हिशेब घरच्यांनाच कळला पाहिजे.