सुट्टी कोणाची?

शाळेचें पहिलें सत्र संपून दिवाळीची सुट्टी लागली म्हणजे विद्यार्थ्यांचे चेहरे कसे फुलतात, हें आपण सर्व प्रतिवर्षीं पाहतों. या सुट्टींत मुलांनीं काय वाचावें, कोणता छंद लावून घ्यावा, याविषयीं अशा अंकांतून पुष्कळ लिहिलें जातें, व तें योग्यच आहे. आम्हांस आज एक निराळा प्रश्न वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. ही सुट्टी घरांतील कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाहीं, हा तो प्रश्न होय.

आपल्या भंडारा जिल्ह्यांत या प्रश्नाला विशेष धार आहे. पुण्या-मुंबईकडील सुखवस्तु कुटुंबांत शरद ऋतूंतील ही सुट्टी म्हणजे फराळ, मातीचे किल्ले आणि प्रवास. आमच्याकडे ती नेमकी धानाच्या हंगामावर येऊन आदळते. पावसाच्या आरंभीं पऱ्हे टाकावे, चिखल झाला कीं रोवणी करावी, आणि दिवाळीच्या सुमारास विळा हातीं घ्यावा, हा येथील क्रम. हलकें धान आधीं पिकतें, भारी धान त्यामागून येतें. कापलेल्या धानाच्या कडपा बांधींत वाळूं द्यावयाच्या, मग भारे बांधून पुंजणें रचावयाचें, मग चुरणी. एवढ्यांत अवकाळी पाऊस आला तर भिजलेल्या लोंब्यांना जागच्या जागीं कोंब फुटतात, आणि वर्षभराचे कष्ट मातीस मिळतात. अलीकडे कित्येक शिवारांत हार्वेस्टर फिरूं लागला आहे हें खरें. परंतु जेथें बांधी लहान आहे, किंवा जमिनीची ओल सुटलेली नाहीं, तेथें अजून विळ्यावांचून गति नाहीं. तो विळा बहुधा बाईच्याच हातीं असतो.

आई सकाळीं भात-भाजी रांधून शेतावर जाते. बापही जातो. मग घरांतील दोन-अडीच वर्षांचें मूल कोठें असतें? तें आमच्या सातव्या किंवा आठव्या इयत्तेंतील विद्यार्थिनीच्या कडेवर असतें. आई दिसेनाशी होतांच तें रडतें. त्याला कोंबडी दाखवून हंसवावें लागतें. मग भरवावें, धुवावें, झोळींत घालून झुलवावें. तें निजलें तर भांडीं वाट पाहत असतात. मुलीनें पुस्तक उघडावें तर त्याला त्यांतील चित्रें पाहावयाचीं असतात, आणि एखादें चित्र फारच आवडलें म्हणजे तें फाडून घ्यावयाचें असतें. हल्लीं त्याच्या हातीं मोबाईल देऊन त्याला गप्प बसविण्याची युक्ति निघाली आहे. ती चांगली नाहीं, हें आम्ही जाणतों. पण बारा वर्षांच्या मुलीला दहा तास एकटीनें मूल सांभाळावयास लावून वर तिनें ही युक्ति योजूं नये असें म्हणणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. मोठीं माणसें दहा मिनिटांतच तिचा आश्रय करितात.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये. भावंडांनीं भावंडांस खेळवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. लहान मूल बोलावयास शिकतें तें भावंडांच्या तोंडूनही, आणि ज्या मुलीनें वा मुलानें धाकट्याचा हात धरून त्याला पहिलीं पावलें टाकावयास लाविलीं, त्याला जो लाभ होतो तो पुस्तकांत मिळावयाचा नाहीं. तक्रार एवढीच आहे कीं हा लाभ सगळा मुलीच्याच पदरीं कां पडावा? त्याच घरांतील नववींतला भाऊ सकाळीं क्रिकेटची बॅट घेऊन बाहेर पडतो, तो जेवावयास उगवतो. त्याला कोणी विचारीत नाहीं. त्यालाही विचारावेंसें वाटत नाहीं.

ही केवळ आमची समजूत नव्हे. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०२४ सालीं लोकांचा दिवस कशांत जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटें घालवितात, आणि घरकामास हात लावणारे पुरुष ८८, असें तींत आढळलें. २०१९ सालच्या पाहणींत हेच आकडे २९९ व ९७ होते. म्हणजे मधल्या काळांत स्त्रियांचीं दहा मिनिटें कमी झालीं, आणि पुरुषांनीं आपलीं नऊ मिनिटें तत्परतेनें कमी करून घेतलीं! ही पाहणी सहा वर्षांवरील सर्वांची आहे; तेव्हां आमच्या शाळेच्या वयाच्या मुलीही या हिशेबांत आल्याच.

मूल सांभाळण्यापायीं मुलींचें शिक्षण अडतें, ही गोष्ट महाराष्ट्रांत ज्यांनीं फार पूर्वीं ओळखली त्यांत ताराबाई मोडक यांचें नांव घेतलें पाहिजे. त्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. पुढें तें डहाणू तालुक्यांतीलच कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि तेथें अनुताई वाघ यांनीं आपलें उभें आयुष्य त्या कामास वाहिलें. आदिवासी मुली शाळेंत येत नाहींत, कारण त्यांच्या कडेवर भावंड आहे, असें दिसल्यावर या दोघींनीं मुलींस दोष दिला नाहीं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं तिन्ही त्यांनीं एकत्र आणलीं व तिला विकासवाडी असें नांव दिलें. मुलीनें भावंडासह यावें. तें पाळण्यांत निजेल, ती वर्गांत बसेल. गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं तर शाळाच कुरणांत नेली. प्रश्न कडेवरच्या मुलाचा आहे, मुलीच्या आळसाचा नाहीं, हें ज्याला दिसलें त्याला उपायही दिसला. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या बालविकास योजनेंतून आज अंगणवाड्या गांवोगांवीं आहेत, हा मोठाच आधार होय. परंतु अंगणवाडी कांहीं तासांची, आणि धानाची कापणी संध्याकाळपर्यंतची.

आणखी एक गोष्ट पालकांनीं मनांत आणावी. आपला जिल्हा तलावांचा. पूर्वजांनीं, विशेषतः कोहळी समाजांतील लोकांनीं, बांधलेल्या तळ्यांवर आपलें धान आजही उभें आहे. शेताशेतांत बोडी आहे, आणि पाऊस नुकताच संपलेला असल्यामुळें दिवाळीच्या सुमारास हें सगळें पाणी कांठोकांठ असतें. पाण्यांत बुडून मरणाऱ्यांचें प्रमाण एक ते चार वर्षांच्या मुलांत सर्वांत अधिक असतें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. बांगला देशांत तर खेड्यांतील एखाद्या बाईच्या घरीं सकाळपासून दुपारपर्यंत आळींतील लहान मुलें सांभाळण्याची व्यवस्था केली, तेव्हां असे अपघात कमी झाले. ज्या मुलीनें पाणी भरावयाचें, भांडीं घासावयाचीं आणि पळत्या मुलावर डोळाही ठेवावयाचा, तिच्याकडून आपण अशी सावधगिरी अपेक्षितों कीं जी दोन प्रौढांसही कठीण. आणि कांहीं विपरीत घडलें तर तो ठपका ती जन्मभर वाहील.

मग करावें काय? आम्ही कोणास मजुरी बुडवा म्हणत नाहीं. हंगामाची मजुरी किती मोलाची असते हें आम्हांस ठाऊक आहे. पण तीन-चार घरांनीं मिळून, शेतावर न जाणाऱ्या एखाद्या आजीबाईंकडे सर्वांचीं लहान मुलें ठेवावीं, त्यांच्या हाताखालीं रोज एक मुलगी व एक मुलगा पाळीपाळीनें असावा, आणि आजींच्या घरीं प्रत्येकानें पायली-अर्धी पायली तांदूळ पोंचता करावा, यांत न होण्यासारखें काय आहे? रोवणीच्या वेळीं आपण एकमेकांच्या बांधीवर जातोंच कीं नाहीं? बापानें संध्याकाळीं पारावर जाण्यापूर्वीं तासभर मूल घ्यावें. त्याला तें ओळखत नाहीं म्हणून रडतें, असें तो म्हणेल, तर त्यावरचा उपाय मूल घेणें हाच आहे.

आम्हां शिक्षकांकडेही यांतील एक वांटा येतो. सुट्टीच्या वह्या भरून आणा असें सांगतांना वही कोणाच्या घरीं कशी भरली जाते याचा विचार व्हावा. मोजकाच अभ्यास द्यावा, आणि तो मुलांनाही मुलींइतकाच द्यावा एवढेंच नव्हे, तर मुलांना एक अधिक विषय द्यावा: धाकट्या भावंडासह घालविलेला एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, स्वतःच्या अनुभवावरून लिहून आणणें. या निबंधांत कल्पनाशक्तीला गुण मिळावयाचे नाहींत.

विद्यार्थ्यांनो, भाऊबीजेला ओवाळणी घालतांना ताटांत पैसे तर घालाच. पण ताईला दुपारचे चार तास मोकळे करून देण्याची ओवाळणी अधिक दिवस पुरते. पाडव्याला गाई सजवून गोवारी बांधव नाचत येतात, तो सोहळा लहान मुलास तुमच्या कडेवरून दाखवा. भाऊबीजेपासून आपल्याकडे मंडयांचे दिवस सुरू होतात. आज या गांवीं, उद्यां त्या गांवीं. रात्रभर चालणाऱ्या नाटकाला अडीच वर्षांचें मूल नेऊं नये असें आमचें मत आहे, कारण तें झोपतें आणि मग त्याच्यासह कोणीतरी घरीं परतावें लागतें, तें कोण परततें हें आपणांस ठाऊकच आहे. दिवसाच्या मंडईला मात्र सर्वांनीं मिळून जावें. त्या दिवशीं मूल बापाच्या खांद्यावर असावें. तेथून त्याला दंडारही दिसते, फुगेवालाही दिसतो. आणि ताईला दोन्ही हात मोकळे ठेवून बांगड्यांच्या दुकानापुढें हवा तितका वेळ उभें राहतां येतें.