हेमंतातले टोकियो आणि मराठी प्रवासी

जपानविषयीच्या आपल्या कल्पनेत ऋतू बहुधा एकच असतो, आणि तो वसंत असतो. चेरीचा मोहोर, त्याखाली अंथरलेल्या चटया, मागे फुजी पर्वताचे हिमाच्छादित शिखर, हे चित्र मराठी वाचकाच्या मनात इतके पक्के बसलेले आहे की आपल्या पर्यटनसंस्थांचे गटही मार्चअखेरीलाच निघतात. तिकडे नोकरीनिमित्त राहणारी मुले आईवडिलांना बोलावतात तीही एप्रिलात, फार तर पाने तांबडी होतात त्या नोव्हेंबरात. हिवाळा गैरसोयीचा म्हणून वगळला जातो. प्रस्तुत लेखकाचे मत याच्या नेमके उलट आहे. जपानी महानगर प्रथमच पाहणाऱ्या मराठी माणसाने, विशेषतः भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने, ते हेमंतात किंवा शिशिरात पाहावे. वसंतातले जपान आपल्याला आधीच सांगून ठेवलेले असते. तेथे जाऊन आपण केवळ खातरजमा करतो. हिवाळ्यातले शहर आपल्याला कोणी सांगितलेले नसते, आणि तरीही ते वाचण्याची सामग्री आपल्याच वाङ्मयात भरपूर आहे.

मराठीत जपानवर लिहिले गेले ते थोडे, पण मोलाचे आहे. प्रभाकर पाध्ये यांचे 'तोकोनोमा' १९६१ चे, पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' १९६३ चे. दोन्ही शीर्षके विचार करायला लावणारी आहेत. तोकोनोमा म्हणजे जपानी दिवाणखान्यातला तो कोनाडा, ज्यात एखादे चित्र टांगलेले असते आणि फुलांची एखादी रचना ठेवलेली असते. सर्वांत मान्यवर पाहुण्याला या कोनाड्याकडे पाठ करून बसवण्याचा तेथील रिवाज आहे. म्हणजे ज्याच्यासाठी सजावट केली तोच ती पाहू शकत नाही. (मोसमात जाणाऱ्या प्रवाशाची स्थिती पुष्कळदा अशीच होते.) 'पूर्वरंग' या शब्दात तर तिहेरी अर्थ आहे: पूर्वेकडचे रंग, नाट्यारंभीचा शास्त्रोक्त विधी, आणि हरिदासी कीर्तनाचा पहिला भाग. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होते आणि आख्यान लागते ते उत्तररंगात. मराठी प्रवासवर्णनाने जपानचे निरूपण केले. आख्यान लावायचे अद्याप बाकी आहे, असे मला वाटते.

ते आख्यान कुठून लावायचे, हे कळण्यासाठी आधी दिल्लीत थोडे थांबावे लागेल. महाराष्ट्रातून येणाऱ्याला खरा हिवाळा प्रथम भेटतो तो येथेच. आपल्याकडे थंडी 'गुलाबी' असते. मुंबईकराला तर ती एखादा स्वेटर बाहेर काढण्याचे निमित्त असते. दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून कोपर्निकस मार्गावर जानेवारीच्या एखाद्या सकाळी उभे राहावे. उजेड आहे पण सूर्य नाही, आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला इंडिया गेट आहे हे केवळ स्मरणाने जाणायचे. याच रस्त्यावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरणारी आपली मंडळी पहिल्या दिवशी कौतुकाने आणि तिसऱ्या दिवशी तक्रारीने या धुक्याविषयी बोलतात. हिवाळा म्हणजे दृष्टी काढून घेणारा ऋतू, अशी समजूत मराठी माणूस येथे करून घेतो आणि तीच बरोबर घेऊन पुढे जातो.

टोकियोत ती समजूत पहिल्याच दिवशी मोडते. दिल्ली साधारण साडेअठ्ठावीस अक्षांशांवर, टोकियो पस्तीसच्याही वर; म्हणजे थंडी अधिक, जानेवारीचे सरासरी तापमान पाच अंशांच्या आसपास. पण आकाश वर्षभरात सर्वांत निर्मळ असते ते याच दिवसांत. शंभरेक किलोमीटरवरचा फुजी वसंतात आणि उन्हाळ्यात बाष्पामागे लपतो. हिवाळ्यातल्या सकाळी तो शहरातल्या उंच इमारतीवरून, कधी एखाद्या चढावरूनही, लख्ख दिसतो. हवा इतकी कोरडी की सज्जांवर गाद्या वाळत घातलेल्या असतात. बर्फ पाहण्याच्या आशेने गेलेला प्रवासी येथे निराश होतो. टोकियोत बर्फ वर्षाकाठी मोजक्या दिवशीच पडतो.

याचे कारण भूगोलात आहे, आणि ते मराठी माणसाइतके चटकन दुसऱ्या कुणाला समजेल असे वाटत नाही. सायबेरियाकडून येणारे वायव्येचे वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात, मधल्या डोंगररांगेला अडतात आणि पश्चिमेच्या किनारपट्टीवर, निइगाताच्या बाजूला, आपला सगळा भार बर्फाच्या रूपाने टाकतात. डोंगर ओलांडून टोकियोच्या मैदानावर येतो तो कोरडा, बोचरा वारा. सह्याद्री, कोकण आणि देश यांचे नाते ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवे ते काय? आषाढात कर्जतकडून बोरघाट चढणाऱ्या गाडीत बसावे; बोगद्यामागून बोगदे जातात, डब्यात अंधार-उजेडाचा खेळ चालतो, आणि घाटमाथा मागे पडल्यावर काही वेळाने पाऊस संपलेला असतो, जमिनीचा रंग बदललेला असतो. यासुनारी कावाबाता यांच्या 'हिमप्रदेश' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कादंबरीचा नायक टोकियोहून आगगाडीने उलट्या दिशेने जातो. कोरड्या बाजूने डोंगराच्या पोटात शिरतो आणि पलीकडे हिमात बाहेर पडतो. तो शिमिझूचा बोगदा १९३१ मध्ये खुला झाला. कादंबरी तिसाच्या दशकात तुकड्यातुकड्यांनी प्रसिद्ध होऊ लागली. १९६८ मध्ये कावाबातांना नोबेल पारितोषिक मिळाल्यावर तिच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले, ते बहुधा इंग्रजी अनुवादाच्या आणि पाश्चात्त्य समीक्षेच्या आधाराने. बोगद्याला 'दुसऱ्या जगाचे प्रतीक' म्हणणे सोपे आहे. पण मराठी वाचकाला ते प्रतीक होण्याआधी अनुभव म्हणून उपलब्ध आहे. फक्त आपल्याकडे बोगद्यापलीकडे पाऊस असतो आणि तिकडे हिम. घाटाच्या अनुभवातून ही कादंबरी वाचणारा टीकालेख मराठीत लिहिला जावा असे मनापासून वाटते.

येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. आकाशातून पिसासारखे उतरते ते आणि कारखान्यातून लाद्यांनी येते ते, दोन्हींना आपण 'बर्फ'च म्हणतो. 'हिम' आहे, पण तो पोथीतला. बंगालीत 'तुषार' हा शब्द हिमवृष्टीसाठी आजही चालतो; हिंदीत तो दवाच्या गोठण्यासाठी, पाल्यासाठी वापरतात; मराठीत मात्र तुषार म्हणजे कारंज्याचे उडणारे थेंब, आणि अलीकडे शेताला पाणी देण्याची एक पद्धत. एकच संस्कृत शब्द तीन हवामानांत तीन वेगळ्या अवस्थांना गेला. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासकाला याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. आणि तरीही आपल्या 'हिवाळ्या'च्या पोटात हिमकाळच दडलेला आहे. शब्द राहिला, वस्तू गेली. टोकियोत आणि त्याहून उत्तरेला साप्पोरोत तो शब्द आपली हरवलेली वस्तू पुन्हा पाहतो.

हे सर्वांत तीव्रतेने जाणवते ते उएनो येथे. उएनोच्या बागेला लागून शिनोबाझु नावाचे तळे आहे. उन्हाळ्यात ते कमळांनी भरून जाते व त्या वेळी त्याची छायाचित्रे पुष्कळ निघतात. जानेवारीत तेथे गेले तर पाण्यावर उभे असतात ते करपलेले, मध्येच मोडून पाण्यात वाकलेले तपकिरी देठ. शेकडोंनी, जणू कुणी शाईचे फटकारे मारून ठेवावेत तसे. त्यांच्यामधून उत्तरेकडून आलेली बदके फिरत असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की तळ्याची निगा राखलेली नाही. वस्तुतः सुकलेले कमळ हा जपानी काव्यातला मान्य असा ऋतुशब्द आहे आणि लोक मुद्दाम ते पाहायला थांबतात.

अभ्यासकाला येथे वाल्मीकी आठवल्यावाचून राहणार नाही. अरण्यकांडात हेमंताचे जे वर्णन लक्ष्मणाच्या तोंडी येते, त्यात हिमाने उद्ध्वस्त झालेली, केवळ देठ उरलेली कमळांची तळी आहेत. श्वासाने अंध झालेल्या आरशाची चंद्राला दिलेली उपमाही तेथलीच. आनंदवर्धनाने ध्वनीच्या चर्चेत ती उदाहरण म्हणून घेतल्यामुळे ती आपल्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. आता या वर्णनाचे स्थळ कोणते? गोदावरीकाठची पंचवटी, जिला परंपरा नाशिक म्हणते! नाशिकला थंडी पडते, द्राक्षबागांना तिचा धाकही असतो. पण तळीच्या तळी करपून जावीत अशी ती नव्हे. कवीने उत्तरेतला हिवाळा दक्षिणेत आणून बसवला असावा, अशी माझी समजूत आहे. म्हणून मराठी वाचकाने हे वर्णन नेहमी संकेत म्हणून वाचले, डोळ्यांनी पाहिलेले म्हणून नाही. उएनोच्या काठावर तो संकेत प्रत्यक्ष होतो. आणि संध्याकाळच्या गर्दीच्या गाडीत खिडकीच्या काचा प्रवाशांच्या श्वासांनी धुरकटल्या आणि बाहेरचे दिवे अंधुक झाले, की आनंदवर्धनाचे उदाहरणही पुस्तकातून बाहेर येते.

त्या तळ्याच्या मध्यभागी बेटावर बेंतेनचे देऊळ आहे. बेंतेन, अर्थात बेंझाइतेन, ही मूळची आपली सरस्वती. येथवर आलेला भारतीय प्रवासी हे कळताच प्रसन्न होतो. सोबतच्यांना सांगतो, घरी कळवतो, आणि पाहणे थांबवतो. 'हे सारे आपल्याकडूनच गेले' या वाक्याने आपल्या प्रवासवर्णनांचे जेवढे नुकसान केले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. या देवीच्या हाती वीणा नाही, बिवा आहे; विद्येबरोबर धनासाठीही तिला नवस बोलतात; हे देऊळ १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाले आणि १९५८ मध्ये पुन्हा उभे राहिले. तिच्या त्या चरित्रात आपला वाटा फक्त पहिल्या प्रकरणापुरता आहे. जी कमळे तिचे आसन म्हणून आपण चित्रांत रंगवतो ती तिच्याभोवती मोडून पडलेली असताना ती तेथे उभी आहे. उन्हाळ्यात गेलेल्याला हे दृश्य दिसत नाही. त्याला आपली कॅलेंडरावरची सरस्वतीच दिसते.

नववर्षाच्या दिवसांविषयी थोडक्यात. जपानने १८७३ मध्ये पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली आणि नववर्ष ऐन थंडीत १ जानेवारीला आणून ठेवले. पण जुने शब्द जागचे हलले नाहीत: शुभेच्छापत्रांवर आजही 'नव्या वसंता'चे स्वागत असते. आपला पाडवा चैत्रातच राहिल्यामुळे शब्द आणि हवा यांची अशी फारकत आपल्याला ठाऊक नाही. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री देवळांतून घंटेचे १०८ टोल पडतात, आणि जपमाळेच्या मण्यांशी परिचय असलेल्याला ती संख्या समजावून सांगावी लागत नाही. ऋतुशब्दांच्या कोशांत नववर्षाला चार ऋतूंखेरीज स्वतंत्र पाचवा विभाग देण्याची प्रथा आहे, हे सहा ऋतूंच्या आपल्या परंपरेच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्याजोगे आहे.

हे कोश, ज्यांना साइजिकी म्हणतात, माझ्या मते मराठीने जपानकडून घ्यायचे राहून गेले. हायकू आपण घेतला. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला, त्याला यमकाचा मराठी नाद दिला, आणि त्यांच्यामागून पुष्कळांनी तो लिहिला. पण ऋतुशब्दाचे बंधन आपण स्वीकारले नाही. त्यामुळे मराठी हायकूत क्षण आला, पण त्या क्षणामागे उभी असणारी सामाईक स्मृती आली नाही. जपानी कवीने 'कोतात्सु' एवढेच म्हटले की शेगडी खाली ठेवलेले, रजई पांघरलेले बुटके मेज, त्याखाली पाय घालून बसलेले कुटुंब आणि उठायचा कंटाळा, हे सगळे वाचकाच्या मनात येते. आपल्याकडे 'गोधडी' म्हटल्यावर एवढेच येते. पण तसे कुणी नोंदवून ठेवलेले नाही.

ते नोंदवायला हवे, आणि हे काम व्यक्तीपेक्षा विद्यापीठांच्या विभागांनी अंगावर घ्यावे. हिवाळ्यापासून आरंभ करावा. शेकोटी, धुके, दव, घोंगडी, वाकळ, हुरडा आणि हुरड्याला बोलावणे, रायगडकडची पोपटी, भोगीची भाजी, तीळगूळ, बोरे, सोलाणा, पहाटेच्या जेवणाचा तो धुंधुरमास, जो शहरांतून जवळजवळ नाहीसा झाला. प्रत्येक शब्दाखाली प्रदेश, वापर आणि साहित्यातले आढळ द्यावेत. शेजारी कन्नड, कोकणी, हिंदी, बंगाली यांतले समांतर शब्द द्यावेत. टोकियोच्या एदोगावा भागात दोन-अडीच दशकांपासून वस्ती केलेल्या मराठी कुटुंबांनाही यात सामील करून घ्यावे. संक्रांतीचे हळदीकुंकू परक्या थंडीत करणाऱ्यांना या शब्दांची किंमत आपल्याहून अधिक कळते. काही नोंदींविषयी मतभेद होतील हे उघड आहे. रताळ्याचेच घ्या. जपानी कोशकारांनी शेतातले रताळे शरदात घातले आहे आणि गाडीवरचे भाजलेले रताळे हिवाळ्यात. मंडी हाउसच्या आसपास निखाऱ्यावर शकरकंद भाजणाऱ्यालाही ही विभागणी मान्य होईल. आपल्याकडे मात्र महाशिवरात्र त्याला शिशिरात ओढील, आणि आषाढी एकादशी आपला हक्क सोडणार नाही.