मुलगा ‘वेगळंच काहीतरी’ करायचं म्हणतोय? योशिदा घराणं बघा

परवाच्या फॅमिली बिझनेसच्या व्हिडिओत जपानच्या योशिदा चित्रकारांचा विषय मी घाईत उरकला. म्हणून इथे सविस्तर.

कासाबुरो योशिदा हे चित्रकलेचे शिक्षक. 1891 मध्ये त्यांनी हिरोशी नावाच्या हुशार विद्यार्थ्याला दत्तक घेतलं. पुढे त्याचं लग्न कासाबुरोंच्याच मुलीशी, फुजिओशी झालं. आणि फुजिओ स्वतः चित्रकार हं! आपल्याकडे हिशेबाला पक्की मुलगी घरात असते आणि पाटीवर ‘अँड सन्स’ रंगवलेलं असतं. असो.

हिरोशींच्या चित्रांचे लाकडी ठसे प्रकाशकाकडे होते. 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत ते जळाले. या गृहस्थांनी पन्नाशीला टेकलेले असताना, 1925 मध्ये, स्वतःचा स्टुडिओ काढला. कोरणारा कारागीर वेगळा, छापणारा वेगळा, पण प्रत पास की नापास हे मालक उभं राहून ठरवणार. स्वतःच्या देखरेखीखाली निघालेल्या प्रतीवर ‘जिझुरी’ असा शिक्का. क्वालिटी कंट्रोल म्हणतात तो हाच.

1930 मध्ये ते थोरल्या तोशीला घेऊन भारतात आले. ताजमहालची चित्रं त्याच दौऱ्यातली. पोराला लेक्चर दिलं नाही, सोबत कामाला नेलं. हे मला फार आवडतं.

पण एक गोष्ट खटकते. 1950 मध्ये वडील गेले, आणि त्यानंतरच तोशी मोकळेपणाने अमूर्त चित्रांकडे वळला. धाकट्या होदाकाने तर विज्ञान शिकावं अशी वडिलांची इच्छा होती. तोही अमूर्त चित्रकलेकडेच गेला. त्याची बायको चिझुको चित्रकार, मुलगी आयोमी आजही लाकूड कोरते. चार पिढ्या झाल्या, पण आधीच्याची नक्कल कुणीच केली नाही.

माझं मत स्पष्ट आहे. वारसा म्हणून तुम्ही प्रॉडक्ट देऊ नका, तो ‘पास की नापास’ ठरवणारा डोळा द्या. आमच्या एका बॅचमध्ये एक मिठाईवाले काका म्हणाले, “सर, तीन पिढ्यांची जिलेबी सोडून पोरगा केक करणार म्हणे!” मी विचारलं, “काका, बिघडलेला घाणा तो गिऱ्हाईकाला देतो की फेकतो?”

काका म्हणाले, “फेकतो. माझ्याशी भांडून फेकतो.”

मग भट्टीची एक बाजू त्याला द्या की! आत्ताच, तुम्ही दुकानात बसलेले असताना.