तेल लावत जा!

मंडळी, टक्कल पडू लागलेल्या माणसाला सल्ला द्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही. 'तेल लावत नाहीस म्हणून!' 'बोअरचं पाणी आहे ना तुमच्याकडे?' 'हेल्मेटमुळे रे.' थोडक्यात काय, केस गेले ते तुझ्याच कर्माने.

या सगळ्यांना माझा एकच प्रश्न आहे. मागचे केस कसे टिकतात? बोअरचं पाणी काय फक्त टाळूवर पडतं? पार चंद्र उगवलेल्या माणसाचीही कानामागची झालर शाबूत असते. (तापातून उठल्यावर किंवा लोह कमी झाल्यावर सगळ्या डोक्याचे केस विरळ होतात, ते प्रकरण वेगळं.) न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली दाखवून दिलं, की मागचे केस मुळासकट उचलून टकलावर लावले तरी तिथे ते वाढत राहतात. जमीन तीच, रक्तपुरवठा तोच, रोप फक्त वेगळं. मग चोळून चोळून रक्ताभिसरण वाढवण्याला काय अर्थ उरला?

कारण आत आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं, आणि ज्यांची मुळं त्याला हळवी असतात त्यांची आक्रसत जातात. हळवी कोणाची, ते जनुकं ठरवतात. 'मामाकडे बघ' हे अर्धंच खरं. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, पण २०१७ साली सुमारे ५२ हजार ब्रिटिश पुरुषांच्या अभ्यासात जनुकांच्या २८० हून जास्त जागा सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेक आईबाप दोघांकडूनही येऊ शकणाऱ्या. तेव्हा समस्त वडिलांनी मामाकडे बोट दाखवून सुटू नये :)

हे सगळं आत्ता का काढलं? माझा भाचा, वय सव्वीस, लग्नाचं बघतायत. एका क्लिनिकने त्याच्या गळ्यात तेल, शॅम्पू आणि 'टाळूची खोल सफाई' असं पॅकेज मारलं. दोन महिन्यांचा पगार गेला, केस गेले ते गेलेच, आणि वर ऐकायला मिळालं, 'तुम्ही नियमित लावलं नसेल.'

माझा राग इथे आहे. २०१२ साली टकलाच्या त्वचेत प्रोस्टाग्लँडिन डी२ जास्त सापडलं, तेव्हा केवढी आशा होती! ते रोखणारं सेटिपिप्रँट पुरुषांना २४ आठवडे दिलं, नुसत्या खोट्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही, आणि २०२१ मध्ये तसं छापूनही आलं. औषधाला नापास होता येतं. तेल कधीच नापास होत नाही, नापास होतो तो लावणारा.

खरी औषधंही काही जादू नव्हेत. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड थोपवतात, काहींचे थोडे केस परत आणतात, आणि बंद केली की कमावलेलं जातं. फिनास्टेराइडने काही पुरुषांची कामेच्छा कमी होते, हे डॉक्टरांनी आधी सांगायलाच हवं. भाच्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलंय. काय घ्यायचं, की काहीच नाही, ते तो ठरवेल. नातेवाईकांनो, साखरपुड्याला तेलाच्या बाटल्या तेवढ्या आणू नका.